पालकांनी कुठे उभं राहायचं?

अध्यक्ष महोदया, बाईंची लेक आणि जावई, आणि पावसात दोन ट्राम बदलून इथवर पोचलेले तुम्ही सगळे,

बाईंच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत उभं राहिलं की मला गृहपाठ न केलेल्या मुलासारखं वाटतं. आधीच्या वक्त्यांनी कविता घेतली, नाट्यसंगीत घेतलं, एकांनी तर ज्ञानेश्वरीवर दीड तास बोलून आपल्याला बॉनमधून थेट आळंदीला नेलं. मी निवडलेला विषय ऐकून कार्यवाहांनी दोनदा विचारलं, "नक्की हाच?" विषय आहे शाळेची समिती. मुलांनी सहलीला कुठे जायचं, पोहायला कधी शिकायचं, फोन दप्तरात ठेवायचा की घरी, दुपारी काय खायचं, हे ठरवणारी माणसं. पण बाईंना तो रुक्ष वाटला नसता. सातारा जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत त्यांनी नोकरी केली, आणि त्या स्वतःच सांगायच्या की त्यांच्या नोकरीतली निम्मी भांडणं शिकवण्यावरून झाली नाहीत. ती पाण्याची टाकी, संडासाची कडी आणि खिचडीचं तेल यांवरून झाली.

निवृत्तीनंतर बाई लेकीकडे बॉनला आल्या, त्या वर्षी नात पहिलीत गेली. पहिल्या आठवड्यात नातीला सोडायला निघाल्या आणि शाळेच्या अलीकडच्या कोपऱ्यावर थबकल्या. तिथे एक पाटी होती. या देशात अशा पाट्या पुष्कळ शाळांबाहेर दिसतात. लेकीनं अर्थ सांगितला: "इथून पुढे मी एकटी जाऊ शकते." म्हणजे आईबापांनो, आजीआजोबांनो, इथून मागे फिरा. सहा वर्षांची नात हात सोडवून घेऊन पाठीवरच्या त्या भल्यामोठ्या चौकोनी दप्तरासकट निघूनही गेली. संध्याकाळी आमच्या घरी चहाला आल्यावर बाईंनी विचारलं, "मुलांना दारापर्यंत सोडू नका म्हणतात, ते कळलं. मग पालकांनी कुठे उभं राहायचं?"

मी तेव्हा हसून वेळ मारून नेली. आज उत्तर द्यायचा प्रयत्न करतो.

आधी त्या पाटीबद्दल. आपल्याला वाटतं, जर्मन माणूस मुळात शिस्तीचा, रस्ते मुळात सुरक्षित, म्हणून त्यांना मुलं एकटी सोडणं परवडतं. तसं नाही. 1970 च्या सुमाराला या देशाच्या रस्त्यांवर पंधरा वर्षांखालची दोन हजारांवर मुलं एका वर्षात मरत होती. घराघरात मोटार आली होती आणि मुलं अजून रस्त्यावरच खेळत होती. 2023 मध्ये हा आकडा 44 होता. चव्वेचाळीस घरांसाठी तो आकडा नसतो, हे मला कळतं, पण दोन हजारांवरून चव्वेचाळीसवर येणं आपोआप होत नाही. गाड्या बदलल्या, वेगमर्यादा आल्या, डॉक्टर लवकर पोचू लागले, आणि त्याच्या जोडीला शाळांनी रस्ता हा विषय म्हणून शिकवायला घेतला. मोठ्या मुलांनी छोट्यांना रस्ता ओलांडून देण्याची पद्धत 1953 पासूनची. 1972 मध्ये सगळ्या राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेनं वाहतूक शिक्षण शाळेत हवंच अशी शिफारस केली. आज तिसरी-चौथीतल्या मुलांची सायकलची परीक्षा होते आणि तिला गणवेशातला पोलीस हजर असतो. हात दाखवून डावीकडे वळताना मागे पाहिलं का, हे तो टिपून घेतो. आठ वर्षांखालच्या मुलानं सायकल फुटपाथवरून किंवा रस्त्यापासून वेगळ्या सायकलमार्गावरूनच चालवायची, दहापर्यंत फुटपाथवर चालवली तरी चालेल, हा वाहतुकीचा नियमच आहे. माझी मुलगी त्या परीक्षेत पहिल्यांदा नापास झाली. घरी येऊन रडली आणि मग आठवडाभर मला घेऊन आमच्या गल्लीत डावीकडे वळत राहिली. मी पुण्यात वीस वर्षं दुचाकी चालवली. मागे वळून पाहणं काय असतं, ते मला चाळिशीत माझ्या नऊ वर्षांच्या मुलीनं शिकवलं.

आपल्याकडे सुरक्षितता म्हणजे कुंपण. भिंत उंच करा, फाटक बंद करा, कॅमेरा लावा, व्हॅनवाल्या काकांना दोन वेळा फोन करा. इथे ती हळूहळू मुलाच्याच हातात दिली जाते, सायकल शिकवताना मागून धरलेलं सीट हळूच सोडतात तशी. दुसरी पद्धत श्रेष्ठ असं मी सरसकट म्हणणार नाही. जिथे ट्रकला फुटपाथही वर्ज्य नाही, तिथे सीट सोडणं हा निव्वळ गाढवपणा ठरेल. पण एक गोष्ट ध्यानात घ्या: सीट सोडायचं असेल, तर रस्ता कोणी तरी आधी तपासलेला असावा लागतो. ते तपासणारे कोण?

इथे थोडा कायदा सांगावा लागेल. चहा मागवायचा असेल तर आत्ताच मागवा.

अमेरिकेत गावाची शाळा चालवायला निवडून आलेलं एक मंडळ असतं, तसं जर्मनीत नाही. सत्तेची वाटणी तीन ठिकाणी आहे. इमारत, बाकं, छप्पर, संडास, पोहायला नेणारी बस हे शहराचं काम. बॉनच्या नगरपरिषदेची शाळा समिती त्यासाठी पैसे मंजूर करते. शिक्षकांचा पगार आणि अभ्यासक्रम हे राज्याचं, म्हणजे नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियाचं. वरच्या बहुतेक शाळांची देखरेख कोलोनच्या विभागीय कार्यालयातून होते. आणि शाळेच्या आत काय आणि कसं चालेल यातलं बरंच काही ठरवते ती शूलकॉन्फेरेन्झ. आपण तिला शाळासभा म्हणू. दोनशेपर्यंत मुलं असतील तर सहा सदस्य, पाचशेपर्यंत बारा, त्याहून मोठ्या शाळेत अठरा. प्राथमिक शाळेत निम्मे शिक्षक, निम्मे पालक. वरच्या शाळांत शिक्षक, पालक आणि विद्यार्थी, तिघांचा एक-एक तृतीयांश; सातवीतलं पोरही तिथे मत द्यायला बसू शकतं. मुख्याध्यापक अध्यक्षस्थानी असतात, पण त्यांना एरवी मत नसतं. मतं समसमान पडली तरच त्यांचं मत निर्णायक.

शाळासभेच्या कामांची यादी कायद्यात आहे आणि ती पाहून पोट भरतं. शाळेचा एकूण कार्यक्रम, बाहेरच्या सहली, गृहपाठाची मर्यादा, शाळेचे अंतर्गत नियम, पुस्तकं, शाळेत वस्तू विकायच्या का, कोणाकडून प्रायोजकत्व घ्यायचं का, आणि वर्षातल्या ज्या थोड्या सुट्ट्या शाळेच्या हातात असतात त्या कधी घ्यायच्या. या शेवटच्या बाबीत फार आशा धरू नका. बॉनमध्ये त्या सुट्ट्या कार्निव्हललाच जातात आणि गणपतीला अर्ज लिहूनच रजा घ्यावी लागते. 2025 साली राज्याच्या शिक्षण खात्यानं शाळांना सांगितलं की मोबाइलबाबत बंधनकारक नियम शरद ऋतूपर्यंत करा; तो प्रश्न आला तोही याच टेबलावर. काही गोष्टी मात्र सभेच्या हातात नाहीत. वर्गातलं तापमान सत्तावीस अंशांच्या वर गेलं की मुलांना लवकर सोडता येतं, ते मुख्याध्यापक ठरवतात. आमचे अकोल्याचे एक स्नेही आहेत. मुलगा "उकाड्याची सुट्टी" म्हणून अकराला घरी आला, तेव्हा ते स्वेटर शोधत होते.

आता या सगळ्यातला आपल्यासाठी कळीचा मुद्दा. पालक म्हणून वर्गाच्या सभेत मत देताना तुम्हाला कोणी पासपोर्ट विचारत नाही. एका मुलामागे आईवडिलांना मिळून एक मत, इतकंच. मूल शाळेत आहे, म्हणून तुम्ही मतदार आहात. हे केवढं आहे, ते समजायला पोहण्याच्या तलावांची गोष्ट सांगतो.

बाड गोडेसबर्गमध्ये कुरफ्युर्स्टेनबाड नावाचा झाकलेला जलतरण तलाव होता. 2016 मध्ये तो बंद झाला. शहराचा विचार असा की जुने तलाव दुरुस्त करत बसण्यापेक्षा डॉटेनडॉर्फमध्ये एक मोठा नवा तलाव बांधावा. त्यावर शहर उभं चिरलं गेलं. एप्रिल 2017 मध्ये कुरफ्युर्स्टेनबाड वाचवावा का, यावर नागरिकांचा कौल झाला आणि वाचवणारे निसटत्या मतांनी हरले. मग ऑगस्ट 2018 मध्ये नवा तलाव हवा का, यावर दुसरा कौल झाला आणि तोही तितक्याच निसटत्या मतांनी बारगळला. जुना बंद, नवा नाही. नंतर आहेत तेच तलाव दुरुस्त करण्याचा रस्ता धरला गेला. तेव्हाच्या बॉनकरांच्या घरोघरी यावर भांडणं झाली. आमच्या शेजारच्या नवराबायकोनं दारावर एकमेकांविरुद्धची दोन पत्रकं लावली होती.

या भांडणात शाळांचं काय अडलं होतं? पोहणं इथल्या प्राथमिक शाळेत शिकवलंच जातं. तलाव जवळ असेल तर मुलं चालत जातात. दूर असेल तर बस. बस म्हणजे चढणं, उतरणं, कपडे बदलणं, केस वाळवणं. दोन तासिकांतला अर्धा वेळ मोज्यांतच जातो, हे कुठल्याही दुसरी-तिसरीच्या बाईला विचारा. डीएलआरजी ही इथली जीवरक्षकांची मोठी संघटना. तिनं 2017 आणि 2022 मध्ये करून घेतलेल्या पाहण्यांत दहाएक वर्षांची निम्म्याहून अधिक मुलं खात्रीनं पोहू शकत नाहीत असं निघालं. आणि अजिबात न पोहू शकणाऱ्या लहान मुलांचं प्रमाण त्या पाच वर्षांत दहा टक्क्यांवरून वीसवर गेलं. करोनात तलाव बंद होते, हे एक कारण. आपण ज्याच्या कौतुकात पेढे वाटतो तो सागरघोड्याचा बिल्ला, म्हणजे काठावरून उडी, पंचवीस मीटर पोहणं आणि खांद्याइतक्या पाण्यातून वस्तू वर काढणं, एवढ्यावर मूल पोहायला शिकलं असं ही संघटना मानत नाही. तिचं म्हणणं, किमान ब्राँझ हवं: पंधरा मिनिटांत दोनशे मीटर तरी. आणि आपल्या उशाशी ऱ्हाइन आहे. वरून आळसावल्यासारखी दिसते, पण मालवाहू जहाज गेलं की काठचं पाणी आत खेचलं जातं.

बाईंना हे सांगत होतो, तेव्हा त्या म्हणाल्या, त्यांच्या गावी पाठीला भोपळा बांधून विहिरीत ढकलायचे. भोपळा नसेल तर तेलाचा रिकामा डबा. भाऊ शिकला. "मला कोणी ढकललं नाही. मुलीच्या जातीला कशाला पोहणं?" असं म्हणून त्यांनी चहाचा कप बशीवर उलटा ठेवला. ही त्यांची जुनी सवय होती.

तर दोन्ही कौलांच्या वेळी शहरातल्या सोळा वर्षांच्या जर्मन पोरांनी मत दिलं, युरोपीय संघातल्या देशांच्या नागरिकांनी मत दिलं. माझी मुलगी त्याच शहरात पोहायला शिकत होती, मी कर भरत होतो, आणि मला मत नव्हतं, कारण माझ्याकडे भारताचा पासपोर्ट होता, अजूनही आहे. 2024 च्या जूनपासून जर्मनीनं दुहेरी नागरिकत्व मोकळं केलं. पण आपला देश ते मानत नाही, म्हणून आपल्यातले कितीतरी जण अजून उंबरठ्यावरच उभे आहेत. बॉन शहराच्या तलावाचं काय व्हावं यावर मला मत नाही, पण माझ्या मुलीच्या शाळेनं पोहण्याचा तास कोणत्या वर्गात ठेवावा आणि सहलीला कुठे जावं, यावर आहे. या शहरात मला मिळालेलं हे पहिलंच मत. आपण ते वापरतो का?

मी वापरत नव्हतो. खरं सांगतो. पालकसभेच्या संध्याकाळी मुलांच्या त्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे हनुवटीला लावून बसायचं, वर्गशिक्षिकेनं "पालक प्रतिनिधी कोण होणार?" असं विचारलं की सगळ्यांनी टेबलाच्या लाकडाचा अभ्यास करायचा. त्या शांततेत मी चष्मा सारखा करायला हात वर नेला. बाकी इतिहास तुम्हाला माहीत आहे. पुढच्या वर्षी मी शाळासभेत होतो आणि माझं जर्मन तेव्हा बेकरीपुरतं होतं.

पहिल्याच बैठकीत चाळीस मिनिटं कंदिलावर चर्चा झाली. नोव्हेंबरात सेंट मार्टिनच्या मिरवणुकीत आपली मुलंही कागदी कंदील घेऊन फिरतात, पुढे घोड्यावर लाल झगा, मागे बँड, शेवटी होळी, आणि मग घरोघर गाणी म्हणत खाऊ गोळा करणं, ज्याला इथल्या बोलीत श्न्योर्त्सेन म्हणतात. प्रश्न होता: कंदिलात मेणबत्ती की बॅटरीचा दिवा? निवृत्तीला आलेले एक गुरुजी म्हणाले, ज्या मुलाच्या हातात खरी ज्योत असते ते जपून चालतं. दिवा दिला की ते कंदील तलवारीसारखा फिरवतं. समोरून एक आई म्हणाली, माझ्या भावाची बाही पेटली होती, मला हे तत्त्वज्ञान सांगू नका. मी पहिल्यांदा बोललो आणि दिवाळीच्या फुलबाजीबद्दल बोललो. किती जणांना कळलं देव जाणे. सहा विरुद्ध सहा. मुख्याध्यापिकेनं तिचं एकुलतं एक मत वापरलं: पहिली-दुसरीला बॅटरी, पुढे मेणबत्ती. तुम्ही हसाल. पण एवढ्याशा प्रश्नाच्या पोटात पूर्ण भांडण आहे, मुलाला जपायचं म्हणजे काय त्याचं. आणि ते समोरासमोर झालं, इतिवृत्तात उतरलं, नावानिशी.

सहलींचंही तसंच. तिसरी-चौथीतली मुलं शिक्षकांबरोबर दोन-तीन रात्री बाहेर राहतात. मराठी घरांत त्याआधी आठवडाभर मंत्रणा चालते: रात्री उठवणार कोण, अंथरूण ओलं झालं तर, मांस चुकून ताटात आलं तर, मुली-मुलांच्या खोल्या कुठे. हे प्रश्न बावळट नाहीत. पण आपण ते एकमेकांना फोनवर विचारतो, किंवा तोंडावर हो म्हणून आदल्या दिवशी ताप आल्याचं कळवतो. यात गंमत अशी की ज्या वसतिगृहांत ही मुलं राहतात त्यांची कल्पनाच एका सहलीच्या फजितीतून आली, आणि तीही आपल्या शेजारी. 26 ऑगस्ट 1909 रोजी आल्टेनाचे रिचर्ड शिरमान नावाचे शिक्षक आपला वर्ग घेऊन पायी निघाले होते. ब्रॉलच्या खोऱ्यात, म्हणजे आजच्या हेनेफजवळ, वादळानं गाठलं. रात्र काढायला ब्रॉलच्या शाळेची खोली मिळाली. त्या रात्री शिरमानांच्या डोक्यात आलं की सुट्टीत शाळा रिकाम्याच असतात, एका दिवसाच्या चालीवर अशी एकेक निवाऱ्याची जागा असली तर? त्यातून युवा वसतिगृहं उभी राहिली, आल्टेनाच्या किल्ल्यापासून. आज त्या रात्रीवर सुरक्षा समितीचा अहवाल मागवला गेला असता आणि शिरमानांना कारणे दाखवा नोटीस आली असती. ते बरं झालं असतं की वाईट, मी सांगू शकत नाही. मुलं भिजली होती हे खरंच आहे.

बॉनचं कौतुक इथे थांबवतो, कारण टाळ्या वाजायच्या बेतात आहेत. या शाळासभांत बसतं कोण? साडेसातच्या बैठकीला येऊ शकतं ते. रुग्णालयात रात्रपाळी करणारी नर्स नाही, गोदामात काम करणारा सीरियन बाप नाही, ज्याला इतिवृत्ताचं जर्मन वाचताना घाम फुटतो तो नाही. आणि शाळांचे संडास! अख्ख्या जर्मनीत पालक-मुलांची ही जुनी तक्रार. बॉनच्याच विद्यापीठ रुग्णालयातल्या आरोग्य आणि स्वच्छताशास्त्र संस्थेनं शौचालयांवर काम करणाऱ्या एका संघटनेबरोबर बर्लिनच्या माध्यमिक शाळांची पाहणी केली. तिथली कितीतरी मुलं शाळेत संडासला जायचं टाळतात असं दिसलं. पाणी कमी पिऊन दिवस काढणं म्हणजे काय, ते इथे बसलेल्या बायकांना मी सांगायला नको. जगातली तिसऱ्या क्रमांकाची अर्थव्यवस्था, आणि मूल घरी येऊन धावत बाथरूममध्ये शिरतं.

आता बाईंच्या बाजूला येतो.

1917 मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. पालक तेव्हा आरोपीच्या पिंजऱ्यात होता. ते योग्यच होतं, मूल रानात जायचं की शाळेत यावर कोणी तरी ठाम असावं लागतं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं त्याच पालकाला खुर्ची दिली. शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के पालक हवेत, निम्म्या स्त्रिया हव्यात. महाराष्ट्रात समितीचा अध्यक्ष पालकांतला, मुख्याध्यापक नुसता सचिव. आकड्यांत पाहिलं तर बॉनच्या पालकाला निम्म्या जागा आणि आमच्या शिवारातल्या पालकाला पाऊण. कायदा आपलाच पुढे आहे, हे मी इथे एका जर्मन शिक्षिकेला सांगितलं, तेव्हा तिनं वहीत लिहून घेतलं. पुढचं मी तिला सांगितलं नाही.

पुढचं बाई सांगायच्या. समितीची बैठक अकरा वाजता, कारण शिक्षकांची शाळा तेव्हा असते. अकरा वाजता सदस्यबाई कांदा काढायला गेलेली. तिनं बैठकीला यायचं, तर दिवसाची मजुरी बुडते. मग रजिस्टर तिच्या बांधावर जातं. सही किंवा अंगठा. ठराव आधीच लिहिलेला. "मीही नेलंय रजिस्टर," बाई म्हणायच्या, "खोटं कशाला बोलू. पण एक वर्ष मी बैठका संध्याकाळी सातला घेतल्या, देवळात. पंधरा बायका आल्या. त्यांनी पहिला ठराव कोणता केला माहितीये? मुलींच्या संडासाला आतून कडी." केंद्रप्रमुखांनी बाईंना विचारलं होतं, बैठक शाळेबाहेर का घेतली.

जे ठरायचं ते वरच ठरतं, हे आपलं जुनं दुखणं. नोव्हेंबर 2023 मध्ये शासनानं ठरवलं की पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं. जानेवारी 2025 मध्ये त्यासाठीचा राज्याचा पैसा थांबला. अंडं यावं आणि जावं, दोन्ही मंत्रालयात. ज्या कोंबड्या त्या गावातच आहेत, ज्या आया समितीत बसतात, त्यांना कोणी विचारलं? ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या बाललैंगिक अत्याचाराच्या प्रकरणानंतर महाराष्ट्र हादरला, आणि मग आठवलं की 2022 च्या मार्चमध्येच प्रत्येक शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती नेमण्याचा शासन निर्णय निघाला होता. समिती कागदावर होती. मग कॅमेरे लावण्याचे आदेश निघाले. कॅमेरा हवाच, पण कॅमेऱ्याला प्रश्न विचारता येत नाही, आणि त्याच्यासमोर मूल बोलत नाही. चार वर्षांचं मूल बोललं तर आईशी बोलतं. त्या आईचं ऐकून घ्यायला शाळेत बसायची जागा हवी.

एवढ्या सगळ्यात बाईंची एक गोष्ट मात्र चोख चालायची, ती म्हणजे चव नोंदवही. इथे जन्मलेल्या मुलांसाठी सांगतो: आपल्याकडे सरकारी शाळेत दुपारचं जेवण मिळतं. 1995 मध्ये योजना आली, तेव्हा महिन्याला तीन किलो तांदूळ घरी नेता यायचा. सर्वोच्च न्यायालयाच्या 2001 च्या नोव्हेंबरातल्या आदेशानंतर शिजवलेलं अन्न आलं. नियम असा की मुलांना वाढायच्या आधी किमान एका शिक्षकासह दोन-तीन मोठ्या माणसांनी ते खाऊन पाहायचं आणि तशी नोंद करायची. बिहारमध्ये सारण जिल्ह्यात जुलै 2013 मध्ये कीटकनाशक मिसळलेलं जेवण खाऊन तेवीस मुलं गेली, तेव्हापासून बाई ती नोंद न चुकता करू लागल्या. त्याआधी चुकायची, हेही त्यांनीच सांगितलं. खिचडी, आमटी, मटकी. मीठ बरोबर, तेल जुनं, परत पाठवलं.

मी शाळासभेत असताना दुपारच्या जेवणाचा प्रश्न आला. बॉनमध्ये बहुतेक प्राथमिक शाळांत मुलं दुपारनंतरही थांबतात आणि जेवण बाहेरून येतं. ऑगस्ट 2026 पासून पहिलीतल्या मुलांना अशा पूर्ण दिवसाच्या जागेचा कायदेशीर हक्क आहे, म्हणजे ताटं वाढणार. शाकाहारी मुलांना रोज तोच पास्ता, ही आपल्या लोकांची तक्रार मी घेऊन गेलो होतो. बैठकीच्या आदल्या दिवशी बाई घरी होत्या. त्यांनी फक्त एक विचारलं, "इथे जेवण आधी कोण चाखतं?"

मी तोच प्रश्न सभेत टाकला. थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग उत्तर आलं की डबे आले की तापमान मोजलं जातं, पासष्ट अंशांच्या खाली गेलेलं घेत नाहीत, त्याचा तक्ता लावलेला असतो. "आणि चव?" मी विचारलं. कंदिलवाले गुरुजी हसले. म्हणाले, "मी अठरा वर्षं या वासातून जातोय, एकदाही खाल्लेलं नाही." त्या रात्री ठराव झाला: महिन्यातून दोन पालकांनी मुलांबरोबर बसून तेच जेवण जेवायचं आणि लिहून ठेवायचं. पाळ्या लागल्या. पहिल्या पाळीत मी आणि एक इराणी आजोबा.

वहीचे रकाने बाईंनी आखून दिले, पट्टीनं, आमच्या जेवणाच्या टेबलावर. तारीख, पदार्थ, मीठ, गरम की कोमट, सही. मग थोडं थांबून त्यांनी उजवीकडे आणखी एक रकाना आखला आणि त्यावर लेकीकडून जर्मनमध्ये लिहून घेतलं: मुलांनी किती टाकलं. "हा रकाना तिकडे कधी भरावा लागला नाही," त्या म्हणाल्या.

पहिली नोंद माझ्या हातची आहे. तांदळाची खीर आणि सफरचंदाचा गर, मीठ नाही, कोमट, सही. शेवटच्या रकान्यासाठी इराणी आजोबांनी बादलीत वाकून पाहिलं आणि मला इंग्रजीत सांगितलं, मी जर्मनमध्ये लिहिलं: अर्धी बादली.